घाट कशाचा बांधायचा? मॉडेल रेल्वेचे डोंगर आणि इमारती : साहित्याची तुलना

रूळ बसले, तारा जोडून झाल्या, गाडी न अडखळता फेरी मारून आली. आता समोर उरलंय ते उघडं प्लायवूड, आणि त्यावर घाट उभा करायचा आहे. या टप्प्यावरची निवड सगळ्यात विचारपूर्वक करावी लागते. रूळ उखडून पुन्हा टाकता येतात. डोंगर उखडला की त्याच्याबरोबर झाडं, खडी, खांब सगळंच निघून येतं.

या छंदाबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या कोरड्या खोल्यांसाठी असतं, आणि त्यातले डोंगर आल्प्सचे नाहीतर रॉकीजचे असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पुठ्ठा वाकतो, खळीला बुरशी येते, एमडीएफ कडांना फुगतं. सह्याद्रीचा दगडही वेगळा आहे. तिरके सुळके नव्हेत, आडव्या पायऱ्या. त्यामुळे खालची सगळी तुलना दोन कसोट्यांवर केली आहे : पावसाळ्यात त्या साहित्याचं काय होतं, आणि त्यातून सह्याद्री दिसतो का.

उदाहरण म्हणून १८० × ६० सेंमीचा, भिंतीलगतचा लेआउट धरू. एकेरी मार्ग, मागे डोंगर, एक बोगदा, एक नाला आणि एक कौलारू स्टेशन. हा बोरघाटाचा तुकडा होऊ शकतो किंवा कोकण रेल्वेचा. फरक कुठे पडतो ते दगडाच्या भागात येईल.

घाई असेल तर उत्तर असं : डोंगराचा गाभा एक्सपीएस (घट्ट, बिनदाण्याच्या) फोमचा, त्यावर रंग मिसळलेल्या प्लास्टरची पातळ कातडी, इमारतीच्या भिंती एचओत (१:८७ प्रमाणात) ३ मिमी सनबोर्डच्या (पीव्हीसी फोमच्या तावाच्या), एनमध्ये (१:१६०) चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावलेल्या पुठ्ठ्याच्या. हे उत्तर कुठे लागू होत नाही तेही पुढे सांगितलं आहे.

आधी प्रमाण : एचओ की एन

साहित्याची निवड प्रमाणावर अवलंबून असते, म्हणून हे आकडे जवळ ठेवा.

| | एचओ (१:८७) | एन (१:१६०) |
|---|---|---|
| रुळांमधलं अंतर | १६.५ मिमी | ९ मिमी |
| एलएचबी डबा (२३.५४ मी) | २७० मिमी | १४७ मिमी |
| दरवाजा (२.१ मी) | २४ मिमी | १३ मिमी |
| उभा माणूस (१.७ मी) | १९.५ मिमी | १०.६ मिमी |
| नारळाचं झाड (१५ मी) | १७२ मिमी | ९४ मिमी |
| मंगलोरी कौलाची लांबी (४१ सेंमी) | ४.७ मिमी | २.६ मिमी |
| ३ मिमी जाडीची भिंत म्हणजे प्रत्यक्षात | २६ सेंमी | ४८ सेंमी |

शेवटची ओळ सगळ्यात कामाची आहे. ३ मिमीचा सनबोर्ड एचओत नऊ-दहा इंची भिंत होतो, म्हणजे अगदी बरोबर. तोच एनमध्ये वापरला की खिडकीच्या चौकटीत दीड फुटी भिंत दिसते आणि स्टेशनची गढी होते. एनमध्ये १ ते १.५ मिमीच्या वर जाऊ नये.

डोंगर मोठा दाखवायचा असेल तर एनचं पारडं जड आहे. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. एचओत तो ७४ सेंमी उंच आणि ४.८७ मीटर लांब होईल, एनमध्ये ४० सेंमी उंच आणि २.६५ मीटर लांब. आपल्या १८० सेंमीत दोन्ही पूर्ण मावत नाहीत. पण एनमध्ये चार-पाच खांब खऱ्या उंचीचे घेतले तर दरीची खोली जाणवते. एचओत खांब निम्मे करावे लागतात आणि पूल नाल्यावरच्या मोरीसारखा दिसू लागतो. उलट, ज्याला कौलं, खिडकीचे गज, चहाचा स्टॉल यांत रस आहे त्याने एचओच घ्यावं.

आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिमी, म्हणजे एचओत १९.३ मिमी हवी. मिळणारा रूळ १६.५ चा. बाजूने बघताना हे कळत नाही, बोगद्याच्या तोंडावर समोरून बघताना कळतं. म्हणून बोगद्याचं तोंड रुळावरून मापू नका, डब्याच्या रुंदीवरून मापा : ३२५० मिमी, म्हणजे एचओत ३७ मिमी. वळणावर हे पुरत नाही. ४५० मिमी त्रिज्येच्या वळणावर २७० मिमीच्या डब्याचा मध्य साधारण ८ मिमी आत येतो आणि टोकं १२ मिमी बाहेर जातात. बोगद्याच्या भिंती पक्क्या करण्याआधी सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून, त्याच्या कोपऱ्यांना पेन्सिल लावून रेषा काढून घ्या आणि त्या रेषेबाहेर किमान ३ मिमी सोडा.

चढाचाही हिशेब इथेच करावा. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाचा सर्वाधिक चढ १:३७, म्हणजे मीटरला २.७ सेंमी. आपल्या १८० सेंमीत तो धरला तर जेमतेम ४.९ सेंमी उंची मिळते. एचओत एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला ७.५ सेंमी तरी लागतात. म्हणजे या फळीवर रूळ रुळावरून जाणार नाही; घाटाचा भास डोंगरानेच द्यावा लागेल. रूळ वर चढवण्यापेक्षा पुढची जमीन रुळाच्या पातळीखाली उतरवणं इथे जास्त परिणामकारक ठरतं.

नेरळ-माथेरान डोक्यात असेल तर गणित निराळं. ६१० मिमी गेजसाठी १:७६ प्रमाण आणि ९ मिमी रूळ (ओओ-९) हे जवळचं जोडपं आहे, आणि तिथला १:२० चा चढ व बारीक वळणं लहान फळीवर खरोखर बसतात.

डोंगराचा गाभा

दिवाळीत दगड-विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून किल्ला केलेल्या कुणालाही प्लास्टर-शेलची पद्धत नवीन नाही. सांगाडा, त्यावर ओलं कापड, त्यावर लेप. फक्त लेआउटवर माती चालत नाही. आपल्या लेआउटच्या डोंगराळ पृष्ठभागाचं क्षेत्रफळ साधारण १.४ चौरस मीटर होतं. त्यावर दोन सेंमी मातीचा थर म्हणजे चाळीस किलोंच्या वर वजन. वाळली की तडे, तड्यांतून धूळ, धूळ रुळावर आणि तिथून इंजिनाच्या गिअरमध्ये. शाडूही तसाच. माती फक्त चाळून, रंगासाठी, सगळ्यात वरच्या थरात.

कागदाचा लगदा स्वस्त आणि हलका आहे, पण इथल्या हवेत तो सगळ्यात धोक्याचा. जाड थर आतून आठ-आठ दिवस ओला राहतो. करायचाच असेल तर ऑक्टोबर ते मे याच काळात, एका वेळी तीन थरांपेक्षा जास्त नाही, आणि पुस्तक बांधणारे खळीत टाकतात तसं थोडं मोरचूद. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, आणि घरात लहान मुलं असतील तर हा मार्ग सोडाच.

खरी निवड उरते ती थर्माकोल, एक्सपीएस आणि प्लास्टर-शेल यांच्यात.

थर्माकोल, म्हणजे ईपीएस, पॅकिंगमधून फुकट मिळतं. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातले ठोकळे घरात येतातच. पुरणासाठी ते उत्तम. कोरण्यासाठी वाईट : सुरी फिरवली की दाणे सुटतात, स्थिर विजेमुळे अंगाला, रुळाला, खडीला चिकटतात, आणि कोरलेली कडा दगडासारखी न दिसता साबुदाण्यासारखी दिसते. ते आत दडवा, वर दाखवू नका.

एक्सपीएस म्हणजे छतावर उष्णतारोधक म्हणून घालतात तो निळा किंवा गुलाबी घट्ट फोम. इन्सुलेशनचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतो; १२५० × ६०० मिमीचा ताव, २५ किंवा ५० मिमी जाडीचा. आपल्या मापाला ५० मिमीचे तीन-चार ताव पुरतात. दाणे नाहीत, पाणी पीत नाही, बुरशी धरत नाही, सुरीने, करवतीने, तारेच्या ब्रशने हवा तसा कोरता येतो. कोरून झाल्यावर सगळा गाभा अडीच-तीन किलोंत राहतो. भिंतीवरच्या फळीसाठी किंवा प्रदर्शनाला उचलून न्यायच्या लेआउटसाठी याला तोड नाही.

त्याच्या अडचणी तीन आहेत. पहिली चिकटवण्याची. फेविकॉल दोन तावांमध्ये भरपूर लावलं तर कडा वाळतात आणि मधला भाग कित्येक दिवस ओला राहतो, कारण हा फोम ना पाणी शोषतो ना हवा आत जाऊ देतो. उपाय : पृष्ठभाग करवतीच्या पात्याने आडवा-उभा ओरबाडा, गोंद पातळ पसरा, बांबूच्या काड्या आरपार खुपसा, वजन ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. दुसरी अडचण द्रावकांची. पिवळा रबरी गोंद, थिनर, पेट्रोल, स्प्रे-पेंट, सगळे फोम खातात. तिसरी धुराची. गरम तारेने कापताना निघणारा धूर स्टायरीनचा असतो. बाल्कनीत कापा किंवा सरळ सुरी-करवत वापरा.

प्लास्टर-शेलला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून त्यावर प्लास्टरचं बँडेज घालतात. औषधाच्या दुकानात हाड जोडायला वापरतात तेच : १५ सेंमी रुंद, २.७ मीटर लांब. एक रोल म्हणजे ०.४ चौरस मीटर. दोन थर लागतातच, म्हणून १.४ चौरस मीटरला सात रोल. जाळीची भोकं पाच सेंमीपेक्षा मोठी ठेवू नका, ओलं बँडेज मध्ये झोळी करतं. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढवा, आणि प्लास्टर घट्ट होण्याआधी बोटाने जाळी बुजवा, नाहीतर दगडावर कापडाची वीण दिसत राहते.

शेलचा मोठा फायदा म्हणजे डोंगर आतून पोकळ राहतो. बोगदा असेल तर ही पोकळी हवीच, कारण गाडी आतच घसरते. मागच्या बाजूने किमान १५ × १५ सेंमीचं तोंड ठेवा, हात कोपरापर्यंत जायला हवा. तोटा असा, की पुढे झाड किंवा खांब रोवायचा तर प्रत्येक वेळी ड्रिल, आणि चुकून टेकलात की टवका उडून पांढरा डाग.

निवाडा असा : डोंगर ३० सेंमीपेक्षा कमी उंचीचा आणि लेआउट हलवायचा असेल तर एक्सपीएस. ३० सेंमीच्या वर, रुंद आणि कायम एका जागी असेल तर शेल, कारण तेवढा फोम महाग पडतो आणि आत काही उपयोगाचा नसतो. बोगद्यापाशी दोन्ही एकत्र करायला हरकत नाही : दर्शनी कडा फोमचा, मागचा उतार शेलचा. सांधा गवताच्या पट्ट्यात दडवा, दगडात नाही. फोम आणि प्लास्टर वेगवेगळे हलतात आणि दगडातली भेग सहा महिन्यांत उघडते.

दगड : काळा कातळ आणि जांभा

एक्सपीएसची बाजू जड होण्याचं आणखी एक कारण इथे आहे. दख्खनचा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे. उभा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा उभा कडा. फोमचे तावही एकावर एक आडवेच रचले जातात. म्हणजे जो सांधा परदेशी पद्धतीत लपवायचा असतो, तोच इथे कामाला येतो. प्रत्येक ताव खालच्यापेक्षा एक ते तीन सेंमी मागे घ्या, पण सारखा नको. दर्शनी कडा सुरीने सरळ न कापता अर्धी चिरून हाताने मोडा. मोडलेली कडा दगडासारखी दिसते, कापलेली केकसारखी. मग उभ्या भेगा पाडा, एकमेकींपासून असमान अंतरावर. एचओत ५० मिमीचा ताव म्हणजे ४.३५ मीटरचा कडा. मोठा कडा हवा असेल तर दोन-तीन तावांचा एकच कडा करा आणि वरचा सांधा तेवढा पायरी म्हणून ठेवा.

बाजारातले रबरी साचे वापरायचे असतील तर साचा हातात घेऊन एकच बघा : भेगा कोणत्या दिशेने जातात. तिरक्या, अणकुचीदार भेगांचे साचे आल्प्स-रॉकीजचे. त्यांतून काढलेला दगड काळा रंगवला तरी खंडाळ्याचा होत नाही. ओतकामाला साध्या प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा दातांच्या डॉक्टरांना लागणारा डेंटल स्टोन सरस, कडक आणि बारीक तपशील धरणारा. त्याला पाणी फार कमी लागतं : १०० ग्रॅमला ३० मिली, साध्या प्लास्टरला १०० ला ६०-७०. प्लास्टर नेहमी लहान पिशवीत आणि ताजं घ्या. पावसाळाभर उघडी राहिलेली पिशवी हवेतलंच पाणी पिऊन बसते, मग ते घट्ट होत नाही, खडूसारखं भुगा होतं.

फोमवर शेवटची कातडी द्यायची ती २ मिमीच्या आसपास. प्लास्टर किंवा भिंतीची पुट्टी, त्यात थोडं फेविकॉल, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ऑक्साइडची पूड आधीच मिसळलेली. रंग आतूनच असला की टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. पुट्टीचा थर ३ मिमीच्या वर गेला की सुकताना चिरतो.

कातळ निव्वळ काळा रंगवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. काळा रंग खोलीतल्या दिव्यात छिद्रासारखा दिसतो, सगळा तपशील गिळतो. पायाला मध्यम राखाडी द्या, त्यावर तपकिरी आणि काळ्याचे पातळ हात भेगांत उतरू द्या, आणि कोरड्या ब्रशने कडांवर फिकट राखाडी फिरवा. पाणी झिरपतं तिथे उभे काळपट-हिरवे ओघळ.

कोकण करायचं असेल तर कटिंगच्या, म्हणजे रुळासाठी डोंगर कापून केलेल्या वाटेच्या, भिंती जांभ्याच्या. इथे स्प्रे-पेंटचा तोच दोष गुण ठरतो. एक्सपीएसवर ४० सेंमीवरून अगदी हलका फवारा मारला तर पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात, आणि ते जांभ्याच्या छिद्रांसारखेच दिसतात. आधी टाकाऊ तुकड्यावर, मोकळ्या हवेत. जास्त मारलं तर कडा वितळून गोलसर होते. रंगासाठी लाल ऑक्साइड तीन भाग, पिवळा एक, काळा चिमूटभर. नुसता लाल घेतला की भिंत विटकरी होते. जुन्या कटिंगचा वरचा भाग काळवंडलेला असतो, ताजं लाल फक्त पायथ्याला आणि जिथे दरड निघाली तिथे.

खडी, गवत, झाडं

आयती खडी घ्यायची की क्रश सँड चाळायची? रेल्वेच्या खडीचा दगड साधारण २० ते ६५ मिमीचा, म्हणजे एचओत ०.२५ ते ०.७५ मिमी आणि एनमध्ये ०.४ मिमीच्या आत. आयात खडीचा आकार बरोबर असतो, रंग मात्र बहुधा फिकट. आपल्या बांधकामाची क्रश सँड मुळात बेसाल्टच आहे, त्यामुळे रंग आपोआप जुळतो. बारीक चाळणीतून धूळ काढा, जाड चाळणीवर राहिलेले मोठे खडे वेगळे करा, उरलेली दोनदा धुऊन उन्हात वाळवा.

यात एक धोका आहे आणि तो टाळलाच पाहिजे. बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते उडून इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाकडे जातात आणि गिअर खातात. वाळलेली खडी कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जोरकस चुंबक त्यावरून फिरवा, पिशवी रिकामी राहीपर्यंत. हा उद्योग नको असेल तर आयात खडीच घ्या, मग रंगाची तडजोड करा. एनमध्ये आम्ही आयात खडीच सुचवू, कारण घरच्या चाळण्यांनी ०.४ मिमीच्या आतला सारखा दाणा मिळवणं फार वेळखाऊ आहे.

चिकटवायला फेविकॉल एक भाग, पाणी दोन भाग, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. आधी साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारून खडी ओली करा. कोरड्या खडीवर थेंब टाकला की तो गोळा होऊन खड्डा पाडतो. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या हलत्या पात्यांपासून एक सेंमी दूर राहा आणि तिथे ब्रशच्या टोकाने थेंब-थेंब द्या.

गवतासाठी आधी महिना ठरवा. जुलैचा घाट आणि फेब्रुवारीचा घाट हे दोन वेगळे लेआउट आहेत. जुलैत पोपटी, कड्यांवरही हिरवं. फेब्रुवारीत सोनेरी-पिवळं गवत, वणव्याचे काळे पट्टे आणि हिरवी फक्त मोठी झाडं. दोन्ही मिसळलं की कुठलंच ठिकाण राहत नाही. रंगवलेला लाकडाचा भुसा की स्टॅटिक ग्रास? भुसा स्वस्त आहे, पण दमट हवेत वास मारतो, बुरशी धरतो आणि दोन वर्षांत त्याचा रंग उडतो. स्टॅटिक ग्रासचे नायलॉनचे तंतू टिकतात आणि उभे राहतात. एचओला ४ व ६ मिमी, एनला २ मिमी, आणि दोन-तीन छटा मिसळून. पावसाळ्यात तंतू गोळे धरतात. वापरण्याआधी डबा दिव्याखाली तासभर उघडा ठेवा.

झाडं विकत घेताना सूचिपर्णींच्या पाकिटांपासून दूर राहा, सह्याद्रीत ती शोभत नाहीत. विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची तार पिळून खोड, त्यावर पुट्टी, फांद्यांना काथ्याचे विंचरलेले तंतू, आणि वर मिक्सरमधून काढलेला रंगीत स्पंजचा चुरा. एका लेआउटला मोठी अशी दहा-बारा पुरतात. बाकी करवंदाच्या जाळ्यांसारखी झुडपं नुसत्या स्पंजच्या तुकड्यांनी भरा. माड करायचा तर झावळ्या हिरव्या कागदातून, दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन. एचओतच हे साधतं. एनमध्ये कागदाची जाडीच आड येते.

पाणी

इपॉक्सी की अॅक्रिलिक जेल, याचं उत्तर ऋतूवर आहे : कोरड्या हवेत इपॉक्सी, दमट दिवसांत जेल. इपॉक्सी काचेसारखं स्वच्छ होतं, पण दमट दिवशी त्यावर धूसर, चिकट साय येते. शिवाय जाड ओतलं की तापतं आणि खालचा फोम वितळवतं. हिवाळ्यात ओता, ३ मिमीपेक्षा जाड थर नको, दोन थरांत एका दिवसाचं अंतर ठेवा आणि नाल्याचं पात्र आधी प्लास्टरने व रंगाने पूर्ण बंद करा. सुईएवढ्या भोकातूनही ते सगळं फळीखाली उतरतं. धबधब्याला इपॉक्सी नकोच. पारदर्शक सिलिकॉन प्लास्टिकच्या कागदावर ओढून उभे धागे करा, वाळल्यावर सोलून कड्यावर लावा, पडतं तिथे चिमूटभर पांढरा रंग.

इमारती : पुठ्ठा, सनबोर्ड, लेसर, प्रिंट, किट

युरोपीय प्लास्टिक किट हा सगळ्यात सोपा आणि आपल्या स्टेशनसाठी सगळ्यात न जुळणारा मार्ग. फालर, फोलमर, आउहागेन यांची घडण सुरेख आहे, पण छपरांचे उभे उतार आणि लाकडी चौकटींच्या भिंती जर्मन गावाच्या आहेत. त्यांच्याकडून गर्डरचे पूल, दिवे, पाण्याची टाकी घ्या. स्टेशन घेऊ नका. मेटकाफच्या छापील पुठ्ठ्याच्या इमारती ब्रिटिश ओओ प्रमाणात, १:७६ मध्ये असतात. एचओ गाडीशेजारी त्या चौदा टक्के मोठ्या दिसतात. मागच्या बाजूला नकोत, तिथे ठेवल्या तर खोली उलट कमी होते.

स्वतः बांधायचं तर पहिली तुलना पुठ्ठा आणि सनबोर्डची.

पुस्तक-बांधणीचा १.५ मिमी पुठ्ठा स्वस्त, सुबक कापला जाणारा आणि फेविकॉलने पक्का चिकटणारा. त्याचा शत्रू फक्त पाणी. एका बाजूला रंग दिला की तीच बाजू ओली होते आणि भिंत धनुष्यासारखी वाकते. म्हणून कापून झाल्यावर, जोडण्याआधी, दोन्ही बाजूंना आणि सगळ्या कडांना चपड्याच्या पॉलिशचे दोन हात. स्पिरिटमधला चपडा पुठ्ठ्यात मुरतो आणि वाळल्यावर कडा टणक करतो. आतून दर सात-आठ सेंमीवर आडवी पट्टी टाका. असा पुठ्ठा अनेक पावसाळे काढतो. न लावलेला पहिल्याच ऑगस्टमध्ये छतापासून सुटतो.

सनबोर्ड म्हणजे फलकवाले आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी वापरतात तो पीव्हीसी फोमचा ताव. त्याला पाण्याचं काहीच होत नाही. एचओसाठी सगळ्यात मोठा फायदा असा, की रिकाम्या बॉलपेनने त्यावर दाबून दगडाचे सांधे काढता येतात. जांभ्याचा चिरा साधारण सव्वा फूट लांब, सात इंच उंच. म्हणजे एचओत ४.४ × २ मिमी. आधी आडव्या रेषा पट्टीने, मग उभ्या हाताने, एक ओळ सोडून सरकवत. काही चिरे टाचणीच्या माथ्याने टोचले की जांभा दिसतो. फेविकॉल त्यावर धरत नाही. सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद वापरा. रंगाआधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि प्रायमर, नाहीतर नखाने रंग निघतो.

सनबोर्ड लेसरवर कापायला देऊ नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो माणसाला घातक आणि यंत्राला गंजवणारा. जाणता लेसरवाला नकारच देतो. तो सुरीनेच कापा, एका दमात नाही, तीन-चार हलक्या फेऱ्यांत.

लेसर वापरायचा तो खिडक्या-दारांसाठी. अर्ध्या मिलिमीटरच्या कार्डात एचओचे गज स्वच्छ निघतात, आणि तेवढ्यासाठी फाइल करून नेणं वसूल होतं. किरणाने जळून जाणारी रुंदी ०.१ ते ०.२ मिमी असते. खाचेत बसणारे भाग तेवढे मोठे काढा. भिंती २ मिमी एमडीएफच्या लेसरने कापून घेणं मोहक वाटतं, पण कडा जळून तपकिरी होतात आणि पावसाळ्यात तिथूनच फुगतात. ज्याला एकाच नमुन्याची दहा रेल्वे क्वार्टर्स करायची आहेत त्याने एमडीएफ घ्यावं आणि कडा चपड्याने बंद कराव्यात. एका स्टेशनसाठी नको.

थ्रीडी प्रिंटमध्ये एचओ आणि एनचा निकाल वेगळा लागतो. फिलामेंट प्रिंटरचा ०.२ मिमीचा थर एचओत पावणेदोन सेंमीचा पट्टा होतो. तिरक्या उजेडात भिंतीवर रेषा दिसतात. भिंत दर्शनी बाजू खाली ठेवून आडवी छापली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. रेझिन प्रिंटचा थर ०.०५ मिमीचा, त्यामुळे एनमधली कौलं, कठडे, सिग्नल हे हाताने न होणारं काम तो करतो. एनच्या माणसाने पैसे घालायचे असतील तर इथे घालावेत. फिलामेंटचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत लेआउट ठेवलात तर छप्पर बसतं.

कौलं हाच कोकणी स्टेशनचा चेहरा आहे, म्हणून तिथे वेळ द्या. मंगलोरी कौलाचा उघडा भाग साधारण ३२ सेंमी, एचओत ३.७ मिमी. जाड कागदाच्या ६ मिमी पट्ट्या कापा, खालच्या कडेला दर अडीच-पावणेतीन मिमीवर बारीक खाच द्या आणि खालून वर, ३.७ मिमी अंतरावर चिकटवत जा. सहा सेंमी खोल उताराला सोळा पट्ट्या. छापील कागद लावला तर हे काम दहा मिनिटांत होतं आणि एक मीटरवरून चांगलंही दिसतं, पण फळीच्या पुढच्या कडेजवळच्या इमारतीला तो सपाटपणा लपत नाही. पुढे पट्ट्या, मागे छापील, असा मेळ घाला. रंग एकसारखा नको : पायाला फिकट विटकरी, मग सुटी-सुटी कौलं गडद, उतारभर काळ्याचा पातळ हात, आणि बदललेली दोन-चार ताजी लाल.

फलाट उंच असेल तर रुळाच्या माथ्यापासून ७६ ते ८४ सेंमी, एचओत ९ ते साडेनऊ मिमी. खरी कड रुळाच्या मध्यापासून १.६७ मीटरवर, म्हणजे १९.२ मिमी. पण डब्याची अर्धी रुंदीच १८.७ असल्याने सरळ रुळावर २१-२२ मिमी ठेवा, वळणावर डबा ढकलून ठरवा.

भिंती पूर्ण झाल्या की त्या कोकणातल्या वाटण्यासाठी दोन हात लागतात. छपराच्या कडेखाली, पागोळ्या पडतात त्या रेषेवर जमिनीत बारीक चर आणि ओली, गडद माती. आणि पांढऱ्या भिंतीच्या पायाला उडालेल्या तांबड्या चिखलाचा पट्टा, एचओत जास्तीत जास्त ५ मिमी, वर जाताना विरळ होत गेलेला. स्पंजच्या तुकड्याने टिपायचा, ब्रशने ओढायचा नाही. नावाची पिवळी पाटी लेसर प्रिंटरवर छापून घ्या. इंकजेटची शाई पातळ गोंद लागला की पसरते, आणि तीन भाषांतली बारीक अक्षरं त्यातून परत येत नाहीत.